कर्ता

रुवीत, हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत
झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे, भाड्याचं.
व्हिसा, अर्ज, बायोडेटा.
डोक्यावर गळका एसी, खाली बादली.
गिऱ्हाईक येतं ते इशाच्या नमाजानंतर.

काल यासीन सरगुरोह आले, बाणकोटचे.
चपला बाहेर काढून आले,
जणू आत कुणी आजारी आहे.

किती वर्षं? बावीस.
एकाच कंपनीत? कंपनी एकच, नावं तिनं चार बदलली.
काम? चिलर.
चिलरवर काय करायचात?
थंड व्हायचं, म्हणाले.

मी टाइप केलं, खोडलं.
चाचा, वाचणाऱ्याकडं सहा-सात सेकंद असतात म्हणे,
अर्धं पानसुद्धा बघत नाहीत.
तेवढ्यात दिसायला हवं, तुम्ही काय केलंत.
ते बादलीकडं बघत होते.
सहा सेकंदांत गेजचा काटापण ठरत नाही, म्हणाले.
मला घेतलं तेव्हा एजंटानं तळवा दाबून बघितला होता.
झालं. तोच बायोडेटा.

मग बोलायला लागले.
ज्या वर्षी वादळात वादी चढली
हॉस्पिटलचं तळघर छातीभर भरलं होतं.
तिसऱ्या रात्री प्लांट चालू झाला.
कुणी केला?
झाला.
चाचा, पण कुणी?
आम्ही होतो तिथं. झाला.

पंप बसला. गळती सापडली.
अकरा पोरं तयार झाली,
त्यातली सहा आज सुपरवायझर आहेत, एक तर माझाच साहेब होता.

शाळेत बाई सांगायच्या,
क्रियापदाला ‘कोण’ विचारा, उत्तर येईल तो कर्ता.
मी बावीस वर्षांना कोण, कोण विचारत बसलो
आणि एकाही वाक्यातून कुणी ओ देईना.

त्यांना तरी काय बोलू.
आपल्याकडं दूध उतू जातं, कप फुटतो,
जेवणं होतात, मुलींची लग्नं होतात,
आणि गावाकडं दुमजली घर उभं राहतं
ज्यात बांधणारा एकूण नव्वद दिवस राहिलेला असतो.

शेवटचे चौदा महिने रिकामे दिसतायत, मी म्हटलं.
रिकामी जागा त्यांना आधी दिसते.
कंपनी बुडाली होती, ते म्हणाले. कॅम्पात होतो.
पगार नाही, पासपोर्ट नाही, चाळीस माणसं.
गॅस संपला, तेव्हा मी पॅलेट फोडून चूल मांडली.
डाळ मी शिजवायचो.
डंबर रडायचा रात्री, त्याच्या घरी फोन मीच लावून द्यायचो,
नेपाळी येत नाही मला, तरी.

माझी बोटं कीबोर्डवर तशीच.
तीन वेळा ‘मी’.
आणि नेमकं हेच कुठल्या रकान्यात घालू?

घातलं. सगळ्यात वर घातलं.
चाळीस जणांची व्यवस्था, चौदा महिने, शून्य खर्च.
त्याखाली तळघर, पंप, अकरा पोरं.
छापून त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी बोट फिरवत वाचलं, इंग्रजी जेमतेम,
मग विचारलं, यात ‘मी’ कुठं आहे?
नसतो, चाचा. इंग्रजीत बायोडेट्यातून ‘मी’ काढून टाकतात.
तशीच पद्धत आहे.
हसले. मग एवढा वेळ कशाला भांडत होतास?

दोन रियाल काढले. मी एक परत केला, घेतला नाही.
प्रिंटर गरम झाला होता म्हणून पाच मिनिटं थांबलो होतो मध्ये,
मी चहा आणायला गेलो होतो, तेवढंच.

सकाळी दुकान उघडलं तर बादली कोरडी,
एसीखाली बसवेना इतकी गार हवा.
मालक वर बघत म्हणाला, अरे, हा कुणी केला?

यासीन अब्दुल्ला सरगुरोह, मी म्हणालो.
स्पेलिंगसकट सांगितलं.