फक्त पाहायचं

कोर्टाच्या आदेशात एक ओळ आहे:
फाइल कोणाची, हे कळण्यापुरतीच उघडावी.
म्हणजे पाहायचं. वाचायचं नाही.

ग्राबोव्स्की जानेवारीत गेले,
फावड्याने बर्फ काढताना, स्वतःच्याच ऑफिसच्या पायरीवर.
भागीदार नाही, मूलबाळ नाही.
तीन खोल्या, तळघर, अकराशे चाळीस फायली.
ईरीच्या न्यायाधीशांनी यादीवर बोट ठेवलं,
तिथे माझं नाव होतं.

डोलोरेस रोज येते. पगार बंद झालाय, तरी.
सांगते, हिरवी पट्टी घटस्फोट, पिवळी घर,
आणि पट्टीच नसेल तर तो माणूस पैसे देणार नव्हता,
साहेबांना ते पहिल्या दिवशीच ठाऊक असायचं.
बिनपट्टीचं कपाट सर्वांत मोठं.

मी पत्रं पाठवते.
आपले वकील वारले. साठ दिवसांत फाइल घेऊन जावी.
निम्मी परत येतात, शिक्का घेऊन.
ज्यांना पोचतात ते येतात, बुटांचा बर्फ झटकत,
कुठे सही करू विचारतात.
एका म्हाताऱ्याने खोकं गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं
आणि त्याला सीटबेल्ट लावला.
एक बाई काहीच न घेता गेली.
म्हणाली, फाडून टाका, मी जिंकले होते.

मूळ मृत्युपत्रं वेगळी, ती फाडता येत नाहीत.
ट्रस्ट खात्यात एकेचाळीस डॉलर सतरा सेंट,
कोणाचे तरी, १९९८ पासून.
बँकेचं शुल्क ते दरवर्षी खिशातून भरत आले,
म्हणून सतरा सेंट अजून सतराच.

आणि काल, तळघरात, बिनपट्टीच्या एका फायलीत,
इंग्रजी कागदांच्या मधोमध
निळं हवाई पत्र.
देवनागरी.

इंग्रजी मला न वाचता पाहता येतं.
वीस वर्षांची सवय: डोळा नावावर, तारखेवर, पुढे.
पण आपली अक्षरं नुसती पाहायची कशी?
नजर टेकेपर्यंत वाचून झालेली असतात.
'चि.' आणि नाव, आणि पहिलं वाक्य
माझ्या आत उमटलंसुद्धा, आवाजासकट.
कोणाच्या आवाजात, ते सांगत नाही.

हाताने झाकलं. उशीर झाला होता.

ग्राबोव्स्कींना यातलं अक्षर कळत नव्हतं.
तरी त्यांनी ते प्लास्टिकच्या पाकिटात जपलं होतं,
वर पेन्सिलीने, त्यांच्या भाषेत:
महत्त्वाचं असावं. विचारणे.
विचारलं का, याची नोंद नाही.

वरून डोलोरेसची हाक आली, काय सापडलं?
मी म्हटलं, नाव.

मग पत्ता शोधला. तीन घरं मागचा.
नेहमीच्या मजकुराचं पत्र छापलं,
साठ दिवस, ओळखपत्र आणावे, वगैरे,
आणि खाली, नियमात बसतं का हे न बघता,
सही मराठीत केली.