बखरीतला अर्धा अंश

इथं जंगलाची बखर लिहितात.
राजे नाहीत तीत, लढाया नाहीत.
बैकाल कधी गोठला, लार्चला पहिली सुई कधी फुटली,
सेबलची पावलं कुठून कुठं गेली,
आणि रोज तीनदा: थंडी किती.

माझ्याकडे आल्या त्या चौसष्ट वह्या,
कोपरे उंदरांनी खाल्लेल्या, रॉकेलचा वास धरलेल्या.
मी आकडे भरत जाते,
पडद्यावर रेघ चढत जाते,
दम न लागता.

फक्त त्रेसष्टच्या हिवाळ्यात
ती कुणी उचलून धरल्यासारखी.
अर्धा अंश. सहा आठवडे.
शेजारच्या ठाण्यांवर तसं काही नाही.
अक्षरही निराळं:
इनोकेंतीचा घाईतला तिरका सात जाऊन
जीभ बाहेर काढून गिरवावा तसा सात.

सॉफ्टवेअर म्हणालं, वगळा.

मी बोटीनं पलीकडच्या गावी गेले.
स्तेपानिदा इनोकेंत्येव्ना ओमुल मासे साफ करत होती.
हात न थांबवता म्हणाली,
"बाबांना फुप्फुसाचं झालं होतं.
खाटेवरून ओरडायचे: झाकण उघडलंस की श्वास धर,
तुझ्या वाफेनं काच तापेल.
मी धरायचे."

उंची किती होती तुमची?

सुरी थांबली.
खवले चिकटलेला हात तिनं स्वतःच्या बरगडीशी नेला.
"इथवर. शिडीच्या वरच्या पायरीवर
टाचा उचलूनही मान वरच करावी लागे.
मग आईनं काडतुसांचं खोकं दिलं पायाखाली.
बायकांचा सण होता त्या दिवशी, म्हणून लक्षात आहे."

आठ मार्च.
रेघ खाली येते ती आठ मार्चलाच.
पारा गोठतो इथं, म्हणून नळीत लाल स्पिरिट;
खालून पाहिलं की ते
मोजपट्टीवर असतं त्याहून जरा वर दिसतं.

"म्हणजे चुकलंच ना माझं?" तिनं विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
दोन मासे वर्तमानपत्रात बांधून दिले.

घरी येऊन मी तेवढा अर्धा अंश वजा केला.
त्रेसष्टचा उंचवटा सपाट झाला.
पुढची रेघ मात्र
कुठल्याच खोक्यानं खाली येईना.

वगळलं काहीच नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
निरीक्षक स्तेपानिदा, वय आठ.
नोंदी श्वास धरून घेतलेल्या.