तिसरं कडवं

चार डिसेंबरला अजून नऊ दिवस आहेत
आणि ऑर्गनच्या माडीवर हीटर एकच,
तोही माझ्या पायांशी नाही.
वह्या उघडून पाचजण बसलोय,
संत बार्बराच्या मिस्सेला काय गायचं ते ठरवायला.

प्रवेशगीत सोपं. दरवर्षी तेच,
ट्रुडाला वही लागत नाही.
दयायाचना लॅटिनमध्ये, कारण लॅटिनमध्ये
आमच्या चुका कुणाला कळत नाहीत.
महिमागीतावर वीस मिनिटं गेली.
फादर दामियानना नवं हवंय, गिटारवालं,
शाळेतली पोरं येतील म्हणतात.
येऊ देत. पोरांनी कुठे पाहिलंय,
सायलेशियात या संताला भेटायला
पिसांच्या टोप्या घालून जायचे लोक:
काळी पिसं खाली उतरणाऱ्यांची,
पांढरी साहेबांची, लाल बँडवाल्यांची.
बँड उरला नाही. ट्यूबा डॉर्टमुंडला गेला,
म्हणजे एर्विन गेला, ट्यूबा घेऊन.
तिथे तो गोदामात खोकी उचलतो.

मग आलं ख्रिस्तप्रसादानंतरचं गाणं.
चार कडवी. पहिलं तिच्या मनोऱ्याचं,
दुसरं तिच्या हातातल्या प्याल्याचं,
चौथं आपल्या सगळ्यांच्या मरणाचं.
तिसऱ्यात मागणं एवढंच की
जे आज खाली उतरलेत
त्यांना संध्याकाळी वर आण.

फादर म्हणाले, हे गाळू या.
वाईट नाही बोलले. हळूच बोलले,
पेन्सिल ओळीवर आडवी ठेवून.
"खाण बंद होऊन सहा वर्षं झाली.
पाळण्याचे दोरसुद्धा भंगारात गेले.
आज खाली कोण आहे?"

गेरार्द चष्मा पुसू लागला.
चौकात बस थांबली, दार उघडलं, मिटलं.

तेओफिल आमचा खर्ज.
एकतीस वर्षं सुरुंग लावले त्यानं,
डाव्या कानाला ऐकू येत नाही,
म्हणून ऑर्गनच्या डावीकडे उभा राहतो.
तो म्हणाला, "दोघं आहेत."

"रोमुआल्द कोझुबेक. आणि तो धाकटा, एमिल,
ज्याचं लग्न ठरलं होतं.
एकोणऐंशीची आग. हवा मिळू नये म्हणून
गाळाच विटांनी बुजवला.
विटा लावणाऱ्यांत मी होतो."
थांबला. "भिंत चांगली झाली होती."

फादरांनी पेन्सिल उचलून खिशात ठेवली.
एकोणऐंशीत त्यांचा जन्मही झाला नव्हता.

पुढचं सगळं कामाचं बोलणं.
"वर" या अक्षरावर सूर सहा मात्रा धरायचा आहे
आणि आमच्या पुरुषांची फुप्फुसं
चारच्या पुढे जात नाहीत, आत काय साठलंय ते माहीत आहे.
मी पट्टी एका सुरानं खाली आणली.
गेरार्दचं तरी चेहरा लाल.
ट्रुडा म्हणाली, सगळे एकदम कशाला दम घेता?
चोरून घ्या. एकानं सोडला की दुसऱ्यानं धरायचा,
बाहेर बसलेल्याला तुटल्याचं कळता कामा नये.
मग मी मात्रांवर नावं लिहिली,
दोनवर गेरार्द, तीनवर ट्रुडा, चारवर मी स्वतः,
वाजवता वाजवता जमेल तसं.
तेओफिल म्हणाला, माझं नको लिहूस,
मला जिथे पुरेल तिथे पुरेल.

महिमागीत गिटारवर सोडलं.
तेवढं द्यायलाच हवं होतं.

दिवे मालवून उतरताना
फादर जिन्यात वळले, वही मागितली,
मिस्सेत नावं घ्यायची म्हणाले, दोन्ही.
कोझुबेक लिहिलं. "आणि एमिल कोण? आडनाव?"

तेओफिल एका पायरीवर उभा राहिला,
मग खालच्या पायरीवर.
त्याला आठवेना.

घरी बघतो, म्हणाला.
चाळीस झ्लॉटी उसने घेतले होते त्याच्याकडून,
चिठ्ठी असेल कुठेतरी,
टोपीच्या खोक्यात, पिसाखाली.