कोरडा पूल, तिबिलिसी

अवतांदिल कठड्याशी चादर अंथरतो:
दोन झेनिट, एक फेद, टोपण हरवलेला झोर्की,
चमच्यांच्या ढिगात चारदोन भिंगं.

नुत्सा डोळ्याआधी कान लावते.
आधी चावी, मग वेग,
उलट केलं की आतले दात मोडतात, तिला ठाऊक आहे.
एक सेकंद.
पडदा निघतो, अडखळतो,
उरलेलं वाक्य कसंबसं पुरं करतो.
‘थंडी,’ तो म्हणतो. ‘माझे गुडघेही असेच.’

भिंग उजेडाकडे. पाती कोरडी,
पण काठाशी बुरशी, मुळ्या फुटल्यासारखी.
‘हे नको घेऊस,’ तो आपणहून सांगतो,
‘उन्हासमोर धरलंस की सगळं धुकं.’
‘धुकंच हवंय.’

तो भाव सांगत नाही.
कॅमेरा परत घेतो, बाहीनं पुसतो,
खिडकीला डोळा लावतो.
दोन नुत्सा, एक पिवळट, एक खरी.
कडी फिरवत राहतो
त्या एकमेकींवर येईपर्यंत,
आणि मग थोडी पुढे,
पुन्हा दोन होईपर्यंत.

‘साठ लारी,’ अखेर म्हणतो.
‘टोपण घरी कुठंतरी आहे. रविवारी ये.’