दर दुसऱ्या रविवारी

पेट्रोल पंपावर, पाच वाजता, दोन गाड्या.
ट्रॉम्सोत सूर्य नोव्हेंबरातच गेलेला.
मी काउंटरवर सॉसेज उलटत असतो.

इल्वा उतरते, लाल जॅकेट काढते,
खिडकीतून बापाकडे देते.
साडेचार हजार क्रोनरचं, पावती त्याच्या पाकिटात.
आईकडचं निळं, सेलमधलं;
ते घेऊन ती पुढे येत नाही,
मागे एकदा तिकडेच राहिलं
तर वकिलाची पत्रं निघाली.
मधे चौदा पावलं. उणे अकरा. अंगात स्वेटर.

एकदा म्हटलं, आत ये, जरा शेक घे.
"नको. पळाले तर नऊच होतात."

फेब्रुवारीत लाल जॅकेट हरवलं.
दोन्ही गाड्यांच्या काचा खाली आल्या.
इतकं तर ती दोघं वर्षभरात बोलली नव्हती.
इल्वा बुटाच्या टोकाने बर्फ उकरत होती,
माझ्याकडे बघत नव्हती.

मेमध्ये हवा भरायच्या यंत्रामागे
ढिगातून एक लाल बाही वर आली.
मी ते झटकलं, हीटरवर वाळवलं,
कुणालाच फोन केला नाही.

रविवारी तिनं घालून पाहिलं.
मनगटं चार बोटं बाहेर.
"लहान झालंय," म्हणाली,
आणि सॉसेज मागितलं,
मोहरी जास्त घालून.