रुमालाखाली

खरसुंडीच्या बाजारात
आण्णा रुमालाखाली खोंडांचे भाव ठरवायचे.
दाबलेली चार बोटं म्हणजे चार हजार.
तोंडातून अवाक्षर नाही.

यंदा दिवेलागणीला पापणी मिटू लागली,
मग घास गिळेना.
मिरजेत डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मेंदूचा निरोप निघतो,
नसेच्या टोकापर्यंत नीट पोचतो.
पुढं स्नायूवरचे ग्राहकच
यांच्या रक्तानं अडवून धरलेत.

आण्णा हसायला गेले, ओठ उचलला नाही.
"म्हंजे बोटं मी दाबतोय,
रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हातच न्हाई."

गोळीनंतर अर्ध्या तासानं
डोळा उघडतो.
तेवढ्यात मी हात पुढं करतो,
वर टॉवेल टाकतो.

एक बोट दाबलं.
दुसरं.
तिसऱ्याला नुसतीच ऊब.

खाली मान घालून
मी भाव वाढवतो.