कांद्याची सालं

आई वर्षभर कांद्याची सालं साठवायची,
उशीच्या जुन्या अभ्र्यात, सरपणामागे.
कुणी विचारलं तर, सर्दीवरचा काढा.
श्कोदरच्या वरच्या आमच्या डोंगरात
एवढी सर्दी कुणालाच होत नसे.

चर्चमध्ये तेव्हा सहकारी शेतीचा मका होता.
वेदीच्या जागी वजनकाटा.
देव नाही, असं भिंतीवर लाल अक्षरांत;
दर थंडीत त्याचे पोपडे निघायचे,
दर वसंतात कुणीतरी ते पुन्हा गिरवायचं.

बाबा तांब्याच्या खाणीत. दहा वर्षं.
गुन्हा : आमचं तान्हं गेलं तेव्हा
त्याच्या कपाळावर अंगठ्यानं केलेली खूण.
कुणी सांगितलं ते आम्हाला ठाऊक होतं.
आई तरी त्यांच्याकडे दूध पाठवायची,
माझ्याच हातून,
आणि मला तिचा भयंकर राग यायचा.

त्या शनिवारी रात्री खिडकीला घोंगडी लावून
तिनं तीन अंडी उकळली.
पाणी आधी पिवळं, मग गंजासारखं लाल.
एक माझं, एक तिचं,
एक बाबांच्या रिकाम्या पाटावर.
मग माझ्या कानाशी येऊन, नुसत्या श्वासानं,
"तो उठलाय."
मी दाराकडे पाहिलं.
मला वाटलं, बाबा.

टरफलं चुलीत जाळली, राख वाफ्यात मिसळली.
बोटांचं काय करायचं, ते मात्र तिला सुचलं नाही.

सोमवारी रुझ्दी मास्तर हात तपासत आले,
कोटावर पक्षाचा बिल्ला.
माझा अंगठा त्यांनी धरला.
बराच वेळ धरला.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
आणि त्यांच्या कोपरानं दौत कलंडली,
माझ्या हातांवर, वहीवर, एकुलत्या फ्रॉकवर.
"वेंधळी कुठली!" ते ओरडले,
"जा, धू. आठवडाभर निघायची नाही ती."

आईनं फ्रॉकबद्दल अवाक्षर काढलं नाही.
माझे काळे हात मांडीवर घेऊन बसली.
तिची प्रार्थना तेव्हा फक्त ओठांची असे,
आवाजाविना; मी ती पाहून पाहून शिकले होते.
बाबांचं नाव. बाळाचं. दूधवाल्या घराचं.
त्या रात्री एक नाव वाढलं.
मला वाचता आलं.

मास्तरांची उन्हाळ्यात बदली झाली,
कुठे ते कळलं नाही.

आता घंटा वाजते. पोरं दोरीला लोंबकळतात,
पाद्री ओरडतो, कुणी ऐकत नाही.
सगळे मोठ्यानं म्हणतात, तो उठलाय.
मीही म्हणते.
म्हणताना अजून दाराकडे बघते.